वाढते ते वर्धमान



पर्युषणात ज्या दिवशी भगवान महावीरांच्या जन्माचे वाचन होते, त्या दिवशी बारामती असो वा इंदापूर, उपाश्रयात बसायला जागा उरत नाही. चौदा स्वप्ने एकेक करून उतरविली जातात, बोली लागते, नारळ वाढविला जातो आणि मग सजविलेला पाळणा पुढे येतो. त्या पाळण्याची दोरी ओढण्यासाठी पुढे सरकणाऱ्या स्त्रियांमध्ये नवी सून असते, चार नातवंडांची आजी असते, आणि जिची कूस अजून उजवलेली नाही अशीही एखादी असते. दोरी हाती असेपर्यंत त्या सगळ्या जणी त्रिशलामाताच असतात. आपल्या दिगंबर भगिनी सोळा स्वप्ने मानतात आणि पंचकल्याणक प्रतिष्ठेत तीर्थंकरांच्या मातापित्यांचे स्थान मोठ्या श्रद्धेने भूषवितात. स्वप्नांची संख्या निराळी असली, तरी मातेचा आनंद दोहोंकडे एकच आहे. आजच्या लेखात त्या आनंदाविषयी थोडे लिहावयाचे आहे. तो कोणाच्या वाट्याला किती येतो, याविषयीही.

प्रथम एका नावाकडे लक्ष वेधते. राजा सिद्धार्थ आणि राणी त्रिशला यांनी आपल्या पुत्राचे नाव 'महावीर' ठेवले नव्हते. ते नाव त्यांना पुढे त्यांच्या पराक्रमामुळे मिळाले. आईवडिलांनी ठेवलेले नाव होते 'वर्धमान'. बाळ गर्भात आल्यापासून घरातील धनधान्य, मान आणि सौख्य वाढत गेले, म्हणून वर्धमान, असे कल्पसूत्र सांगते. वर्धमान म्हणजे वाढणारा. विचार केला तर कोणत्याही आईने आपल्या मुलाला द्यावे असे याहून साधे आणि याहून मोठे दुसरे नाव नाही. मूल मोठे व्हावे, श्रीमंत व्हावे, कीर्तिमान व्हावे या सगळ्या पुढच्या इच्छा. पहिली इच्छा एवढीच, की ते वाढावे.

त्या जन्मोत्सवाचे जे वर्णन कल्पसूत्रात आले आहे, ते वाचताना आपल्याच घरची आठवण होते. तिसऱ्या दिवशी बाळाला सूर्यचंद्राचे दर्शन घडविले. सहाव्या दिवशी रात्री धर्मजागरण झाले. अकरा दिवस उलटून बाराव्या दिवशी आप्तेष्टांना आणि ज्ञातिबांधवांना बोलावून भोजन झाले आणि नाव ठेवले गेले. आपण महाराष्ट्रात राहणाऱ्या स्त्रिया पाचवी-सहावीची रात्र जागवितो, बाराव्या दिवशी बारसे करतो. घराण्याचे मूळ गुजरातेत असो, मारवाडात असो की याच मातीत, बाळंतिणीच्या खोलीतील रिवाजांना फारशी सीमा नसते. या चालीरीतींतील काही किती जुन्या आहेत, हे त्या ग्रंथाच्या पानांवरून कळते.

परंतु त्या उत्सवातील एक गोष्ट आपण विसरलो आहोत. सिद्धार्थ राजाने त्या वेळी बंदिवानांना मुक्त करविले, कर माफ केले आणि मापे व वजने वाढविण्याची आज्ञा दिली. म्हणजे बाजारात शेर मागणाऱ्याच्या पदरी शेराहून अधिक पडावे. व्यापारी समाजातील आपल्या घरांना या आज्ञेचे मोल वेगळे सांगायला नको. तराजू ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राहिला, त्यांनी हे वाक्य दुकानात लिहून ठेवावे असे आहे. घरी मूल जन्मले याचा अर्थ राजवाड्यात चार दिवे अधिक लागले, एवढाच नव्हता. गावातील अनोळखी माणसाच्या पिशवीतही मूठभर धान्य जास्त पडले. आनंदाची खूण ही, की तो उंबऱ्याबाहेर जातो.

याच कथेत त्या आधी आलेला एक प्रसंग मला प्रत्येक वर्षी नव्याने थांबवितो. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून गर्भातील भगवंत निश्चल झाले. हेतू करुणेचा होता. पण त्रिशलामातेच्या मनात काय झाले? माझा गर्भ हरपला की गळून गेला, या शंकेने ती खिन्न होऊन तळहातावर मस्तक टेकून बसली. राजवाड्यातील वाद्ये थांबली, गीते थांबली. गर्भस्थ जीवाने हे जाणले आणि शरीराचा एक अंश किंचित हलविला. त्या एवढ्याशा स्पंदनाने माता आनंदाने भरून आली. आपल्यासाठी तिचा जीव किती व्याकूळ होतो हे जाणून, आईवडील हयात असेतो दीक्षा घ्यावयाची नाही असा संकल्प भगवंतांनी गर्भातच केला, असे श्वेतांबर परंपरा मानते.

ज्या स्त्रीने सातव्या-आठव्या महिन्यात दुपारभर बाळ हलले नाही म्हणून डाव्या कुशीवर निजून वाट पाहिली आहे, तिला या प्रसंगावर कोणाचे प्रवचन नको. तिला ठाऊक आहे की बाळाची लाथ दुखते आणि तरीही ती हवी असते. मला वाटते, मातृत्वाचे सारे सार या एका गोष्टीत आहे. मूल आईला त्रास न देता स्वस्थ राहिले तर ती घाबरते. ते हलले, ढकलले, धडपडले तर तिला हायसे वाटते. पुढे आयुष्यभर हेच चालते. दात येताना रात्री जागविणारे मूल, पहिल्यांदा उंबरा ओलांडताना पडणारे मूल, प्रश्नांनी भंडावून सोडणारी शाळकरी मुलगी, 'मला माझे ठरवू द्या' म्हणणारा तरुण मुलगा, हे सगळे त्या पहिल्या स्पंदनाचेच पुढचे अध्याय आहेत. वाढ म्हणजे हालचाल, आणि हालचाल आईला थोडी लागतेच.

आपल्या या भागात मुलांची वाढ मोजायला वर्षभर सणांची मापे आहेत. संक्रांतीला बोरन्हाण होते. हलव्याचे दागिने घातलेले मूल चुरमुरे, बोरे आणि उसाच्या करव्यांच्या वर्षावात एक वर्ष रडते, दुसऱ्या वर्षी हसते आणि तिसऱ्या वर्षी स्वतःच खाली बसून करवे वेचू लागते. चैत्र शुद्ध त्रयोदशीला महावीर जन्मकल्याणकाच्या मिरवणुकीत पहिल्यांदा ते वडिलांच्या खांद्यावर असते, मग हात धरून चालते, मग ध्वज घेऊन पुढे जाते आणि एक दिवस मिरवणुकीची व्यवस्था पाहणाऱ्या मुलांत दिसते. पाऊसकाळ सुरू झाला की तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम करीत इंदापुराकडे जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्या धावणाऱ्या मेंढ्यांना भिऊन आईच्या पदराआड लपणारे मूल दोन-तीन वर्षांत तिचा हात सोडून गर्दीत सर्वांत पुढे उभे राहते. वारकऱ्यांना पाणी देण्यासाठी आपल्या घरांतून निघणाऱ्या तांब्यांत एक तांब्या त्याचाही असतो. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला नेलेली मुले प्रथम फक्त 'किती!' म्हणतात, पुढे ते कोठून येतात आणि कोठे जातात हे विचारू लागतात.

आपल्या घरांत मात्र वाढीचे आणखी एक माप आहे. मूल किती उंच झाले, किती गुण मिळविले हे जग मोजते. मूल किती सोडू शकते, हे आपला धर्म मोजतो. चार-पाच वर्षांचे मूल 'आज मी नवकारशी करणार' म्हणून सूर्योदयानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटे दुधाच्या पेल्याकडे पाहत बसते. पुढे बियासणे, मग एकासणे, मग संवत्सरीचा पहिला उपवास. एखाद्या वर्षी शरीर आणि मन दोन्ही तयार झाली, की अठ्ठाई. पारण्याच्या दिवशी घर भरते, सुखसाता विचारायला नातलग येतात, स्तवने होतात. आदल्या रात्री मात्र आई तीनदा उठून कपाळावर हात ठेवून पाहते. तिला अभिमानही असतो आणि काळजीही. आणि ती काळजी धर्मात कमी पडणारी नाही. म्हणूनच एवढे सांगावेसे वाटते, की मुलांची तपश्चर्या त्यांच्या इच्छेने आणि शक्तीने व्हावी. वरघोड्याच्या हौसेने किंवा शेजारच्या घरी झाली म्हणून नव्हे. आईची नजर येथे राखणदारासारखी असावी.

अक्षय तृतीयेला वर्षीतपाचे पारणे उसाच्या रसाने होते. भगवान ऋषभदेवांना वर्षाहून अधिक काळ आहार मिळाला नाही आणि हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने इक्षुरस वाहून त्यांचे पारणे घडविले, त्याची ती आठवण. नीरेच्या कालव्यांवर पोसलेल्या आपल्या तालुक्यांना हा प्रसंग अगदी घरचा वाटावा. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर ही सगळी उसाचीच गावे. सोलापूरच्या जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या नावाने इंदापूर तालुक्यात उभे राहिलेले वालचंदनगरही साखरेच्याच पायावर वाढले. या कारखान्यांच्या वसाहतींतून किती घरांचे पाळणे हलले, किती मुले शाळेत गेली आणि किती बाहेर पडली! उसाला पाणी लागते, खत लागते, आणि कांडे रसाने भरायला वर्ष-दीड वर्ष द्यावे लागते. घाई केली तर साखर उतरत नाही. मुलांचेही असेच असते.

आता त्या गोष्टीकडे वळते, जिच्यावाचून हा लेख केवळ गोड झाला असता.

आपल्याकडे मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी किंवा जिलेबी वाटण्याची चाल आहे. डबा उघडण्यापूर्वी 'पेढे की बर्फी?' असे विचारणारा सहज विचारतो. पण पलंगावर पडून ते ऐकणाऱ्या बाळंतिणीला त्या प्रश्नाचे वजन कळते. दुसरीही मुलगी झाली, की भेटायला येणाऱ्यांच्या आवाजात एक समजूत घालण्याचा सूर येतो. 'असू दे, लक्ष्मी आली' या वाक्यातील 'असू दे' काय सांगते? जिची समजूत घातली जाते आहे, तिला दुःख झाले असले पाहिजे, हे इतरांनी आधीच ठरविलेले असते.

आकडे कठोर असतात, पण खरे बोलतात. २००१ च्या जनगणनेत जैन समाजात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८७० मुली होत्या. २०११ मध्ये ही संख्या ८८९ झाली. सुधारणा झाली, परंतु त्याच जनगणनेत संपूर्ण महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता, आणि तोही समाधानाचा नव्हता. याच जनगणनेत साक्षरतेत मात्र आपला समाज देशात सर्वांत पुढे, सुमारे ९५ टक्क्यांवर आहे. म्हणजे शिक्षण कमी म्हणून असे घडले, असे आपल्याला म्हणता येत नाही. गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांआधी केला. १९९४ मध्ये तो देशभरासाठी झाला. पाणी गाळून पिणारा, सूर्यास्तानंतर ताट न वाढणारा, मुंगीच्या वाटेवर पाय पडू नये म्हणून खाली पाहून चालणारा आपला समाज. त्या समाजात हजारामागे ज्या मुली कमी दिसतात, त्यांचा हिशेब कोणत्या प्रतिक्रमणात मांडायचा? त्रिशलामातेचा गर्भ क्षणभर निश्चल झाला तर राजवाड्यातील संगीत थांबले होते. या मुलींसाठी कोठले वाद्य थांबले?

आपल्या परंपरेकडे पाहिले तर मुलीच्या जन्माला दुःख मानण्यास कोठेही आधार सापडत नाही. भगवान ऋषभदेवांनी लिपी शिकविली ती ब्राह्मी या कन्येला आणि अंकविद्या दिली ती सुंदरीला. आपण आज दुकानात जो हिशेब लिहितो, त्याच्या दोन्ही अंगांच्या पहिल्या विद्यार्थिनी दोन बहिणी होत्या, असे आपणच मानतो. श्वेतांबर परंपरा एकोणिसाव्या तीर्थंकरांना, मल्लिनाथांना, स्त्रीरूपातच वंदन करते. अलीकडच्या काळात शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा करून विधवा आणि निराधार भगिनींना शिक्षणाची वाट दाखविली. सोलापूरच्या श्राविका संस्थेचे कार्य पंडिता सुमतीबाई शहा यांनी वाढविले. या कन्या वाढल्या, म्हणून शेकडो घरे वाढली.

आणि दूर कशाला, राजकारण बाजूला ठेवून आपल्याच बारामती तालुक्यातील काटेवाडीचे एक उदाहरण पाहावे. शारदाबाई गोविंदराव पवार १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. सात मुलगे आणि चार मुली असे त्यांचे मोठे कुटुंब. तीन दिवसांच्या तान्ह्या मुलाला बरोबर घेऊन त्या बोर्डाच्या सभेला गेल्या, ही आठवण त्यांचे पुत्र शरद पवार यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. शेती, बोर्डाचे काम आणि अकरा लेकरे हे सगळे एका घरात मावले. मुलांना वाढविणे म्हणजे आईने स्वतः वाढणे थांबविणे, अशी जी समजूत आहे, तिला हे चांगले उत्तर आहे. वर्धमान हे नाव केवळ मुलाचे नाही. ते आईचेही असू शकते.

यापुढची पायरी सर्वांत अवघड. मूल वाढले की ते जाते. बारामतीहून पुण्याला, पुण्याहून बंगळुरूला किंवा समुद्रापार. मुलगी सासरी, मुलगा नोकरीवर. दिवाळीला घर भरते आणि भाऊबीज उलटली की पुन्हा डब्यांवर झाकणे बसतात. येथे मरुदेवीमातेची कथा आठवावी. ऋषभदेव दीक्षा घेऊन गेले आणि माता वर्षानुवर्षे त्यांच्या आठवणीने रडत राहिली; डोळ्यांना दिसेनासे झाले. पुढे भगवंतांना केवलज्ञान झाले, तेव्हा भरत चक्रवर्तीने आजीला हत्तीवर बसवून त्यांच्या समवसरणाकडे नेले. देवदुंदुभींचा नाद ऐकून तिच्या डोळ्यांतून आनंदाश्रू वाहिले आणि दृष्टी परत आली. तिने पुत्राचे ते वैभव पाहिले, आणि ज्याच्या चिंतेत आपण झिजलो तो तर कशातच अडकलेला नाही, हेही पाहिले. तेथेच, हत्तीवर बसल्याबसल्या, तिचा मोह गळून पडला, तिला केवलज्ञान झाले आणि ती मुक्त झाली. या अवसर्पिणीत मोक्षाला जाणारी पहिली व्यक्ती एक माता आहे, असे श्वेतांबर ग्रंथ सांगतात.

या कथेचा अर्थ मी असा घेते. मरुदेवीने पुत्रावर प्रेम केले ही तिच्या मार्गातील अडचण नव्हती; त्या प्रेमानेच तिला हत्तीवर बसविले आणि समवसरणापर्यंत आणले. मात्र तेथे पोहोचल्यावर 'हा माझा' ही मूठ तिला उघडावी लागली. आनंद आणि मोह यांतील अंतर एवढेच आहे. मूल वाढताना पाहणे हा आनंद. ते आपल्या मापानेच वाढावे हा मोह. मुलगी जन्मली म्हणून खिन्न होणे, मुलगा दूर गेला म्हणून त्याला अपराधी ठरविणे, ही दोन्ही त्याच मोहाची रूपे.

वाचक भगिनींनो, येत्या चातुर्मासात तीन साध्या गोष्टी करून पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. घरात कोणतेही मंगल कार्य असो, सिद्धार्थ राजाप्रमाणे 'मापे वाढवावीत': कार्यालयाच्या सजावटीतून थोडी रक्कम काढून पांजरपोळाला, एखाद्या मुलीच्या शुल्काला किंवा वसतिगृहाच्या धान्याला द्यावी. मुलगी जन्मली तर पेढेच वाटावेत, बारसे तितक्याच थाटाने करावे, आणि 'असू दे' हे शब्द त्या खोलीत कोणालाही उच्चारू देऊ नयेत. आणि तिसरी गोष्ट घरातील पुरुषांसाठी. मुलाचा वाढदिवस, मुलीचे पारणे, पाठशाळेचे बक्षीस वितरण, या प्रत्येक प्रसंगी तिची आई स्वयंपाकघराच्या दारातून, हात पुसत, अर्धे पाहते. वाढप्याचे काम त्या दिवशी दुसऱ्या कोणी करावे आणि तिला पुढच्या रांगेत बसवावे.

ज्या मुलाची वाढ तिने रोज, इंचाइंचाने, कोणी टाळ्या वाजवीत नसताना पाहिली आहे, त्याचा उत्सव तरी तिला पूर्ण पाहू द्यावा.